असाध्य आजार ते चाकाची खुर्ची

मेंदूचे संदेश हातापायांकडे नेणाऱ्या मज्जारज्जूची, म्हणजे पाठीच्या कण्यातील मज्जातंतूंच्या दोराची, गंभीर इजा प्राचीन इजिप्तच्या एडविन स्मिथ पपायरस या वैद्यकीय लेखात उपचार न करण्याजोगी मानली आहे. हा समज खऱ्या अर्थाने ढळला तो १९४४ पासून, इंग्लंडमधील स्टोक मँडेविल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमान यांनी दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलून शय्याव्रणे, म्हणजे सततच्या दाबाने चिघळणाऱ्या जखमा, टाळण्याचा साधा पण चिवट नेम घालून दिला तेव्हा. आपल्याकडे कोल्हापुरात, सोळाव्या वर्षी कमरेखाली अधू झालेल्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडणारा उपचार मात्र अद्याप नाही.