जांभूळमाळ

जांभूळमाळ हे मुंबई व ठाणे यांच्या सीमेलगत, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतील एक डोंगरशिखर आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ४६८ मीटर उंचीचे हे ठिकाण मुंबईतील सर्वोच्च नैसर्गिक स्थान मानले जाते. साष्टी बेटाच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगररांगेचा हा भाग आहे. रांगेच्या पश्चिमेस बोरिवली व कांदिवली, पूर्वेस मुलुंड व भांडुप आणि दक्षिणेस पवई ही उपनगरे आहेत. शिखराच्या पायथ्याच्या परिसरात तुळशी तलाव असून तलावाकडून माथ्याकडे जाणारी चढण तीनशे मीटरांहून अधिक आहे. तलाव हा शहराच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आणि डोंगर हे संरक्षित वन असल्यामुळे ही वाट सर्वांसाठी कायम खुली नसते.

भूरचना

ही डोंगररांग दख्खनच्या ज्वालामुखी उद्रेकांतून निर्माण झालेल्या बेसाल्ट व तत्सम खडकांची बनलेली आहे. कठीण व मऊ थरांची झीज कमी-अधिक झाल्याने उतारांवर कडे, मधल्या सपाट पायऱ्या आणि माथ्यावर उघडे माळ अशी रचना दिसते. माथ्यावरील मातीचा थर पातळ आहे. तेथे पावसाळ्यात गवत वाढते आणि मार्च-एप्रिलपर्यंत ते पूर्ण वाळते. दऱ्यांमध्ये मात्र माती खोल असून दाट झाडी आहे.

पावसाचे पाणी या रांगेवरून वेगवेगळ्या दिशांना वाहते. तुळशीकडील उतारांवरचे पाणी तलावात जमते, दक्षिणेकडचे विहार तलावाकडे जाते, तर पूर्व उतारांवरचे पाणी मुलुंड-भांडुपच्या बाजूने ठाणे खाडीकडे उतरते. दहिसर नदीचा उगम तुळशी तलावाच्या सांडव्यापाशी मानला जातो. ही नदी उद्यानातून बोरिवली व दहिसर भागांत जाऊन मनोरी खाडीस मिळते. मिठी नदी विहार व पवई तलावांच्या विसर्गातून सुरू होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या नद्यांच्या काठच्या वस्त्यांना महापुराचा फटका बसला. वनाच्छादित उतारांवर पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो व उरलेल्याचा वेग कमी होतो. म्हणून या डोंगरांवरील वनाचा संबंध पिण्याच्या पाण्याप्रमाणेच सखल उपनगरांच्या सुरक्षिततेशीही आहे.

तुळशी तलाव

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई शहर विहिरी व लहान तळ्यांच्या पाण्यावर अवलंबून होते. उन्हाळ्यात ती आटत असल्याने टंचाई वारंवार उद्भवे. हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहार तलावाचे काम सुरू झाले आणि १८६० पासून तेथील पाणी नळांद्वारे शहरात येऊ लागले. लोकसंख्या वाढत गेल्याने विहारचा दररोजचा सुमारे ३२ दशलक्ष लिटर पुरवठा अपुरा पडू लागला. त्यानंतर तासो नदी अडवून तिचे पाणी विहारकडे वळवण्याची योजना हाती घेण्यात आली. त्यातून १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला. त्याने दररोज सुमारे १८ दशलक्ष लिटरची भर घातली.

तलावाचे पाणलोट क्षेत्र सुमारे ६.७६ चौरस किलोमीटर आणि साठवण क्षमता ८,०४६ दशलक्ष लिटर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तो सर्वांत लहान आहे. सातही तलावांची एकत्रित क्षमता सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून तुळशी व विहार यांचा त्यातील वाटा सुमारे अडीच टक्के भरतो. शहराची आजची दैनंदिन पुरवठ्याची पातळी पाहता संपूर्ण भरलेला तुळशी तलाव जेमतेम दोन दिवस पुरेल. तरीही शहराच्या अगदी जवळचा आणि मानवी वस्तीपासून बऱ्याच अंशी मुक्त असा पाणलोट म्हणून त्याचे महत्त्व टिकून आहे. उरलेले पाच तलाव शहराबाहेर ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांत आहेत.

चढाईचे स्वरूप

तलावाच्या परिसरात वाट सावलीच्या झाडीतून जाते व चढ सौम्य असतो. त्यापुढे डोंगराच्या सोंडेवर चढ तीव्र होतो. मुरूम व सुट्या दगडांमुळे पाय घसरतो आणि पावसाळ्यात शेवाळामुळे खडक निसरडे होतात. मधल्या टप्प्यात कारवीची दाट रोपे लागतात. माथ्याजवळ झाडी संपून उघडा माळ सुरू होतो. हवा स्वच्छ असल्यास माथ्यावरून तुळशी, विहार व पवई हे तीनही तलाव आणि दोन्ही बाजूंची उपनगरे दिसतात. उंची फार नसली तरी किनारपट्टीच्या दमट हवेमुळे चढाई अपेक्षेपेक्षा दमवणारी ठरते. ऑक्टोबर व उन्हाळ्याच्या महिन्यांत हे विशेष जाणवते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यामानाने सोयीचा असतो.

वनस्पती व प्राणी

येथील वन मुख्यतः पानझडी प्रकारचे आहे. साग, खैर, पळस, पांगारा, काटेसावर, जांभूळ आणि बांबू ही येथे आढळणारी झाडे होत. कारवी साधारणतः आठ वर्षांतून एकदा सामूहिकरीत्या फुलते. या उद्यानात २०१६ मध्ये तिचा असा बहर आला होता. तिची मुळे उतारावरील माती धरून ठेवतात आणि वाळलेले दांडे कुडाच्या भिंतींसाठी वापरले जातात. बिबट्या, चितळ, सांबर, वानर हे सस्तन प्राणी, तसेच नाग, घोणस व चापडा हे साप येथे आढळतात. तुळशी व विहार या दोन्ही तलावांत मगरी आहेत. उद्यानातील पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी व कातकरी समाजांची वस्ती आहे. वारली समाजात वाघोबाची पूजा केली जाते. या दैवतात वाघ व बिबट्या या दोहोंचा समावेश मानला जातो.

प्राचीन पाणीव्यवस्था

याच डोंगररांगेत तुळशीच्या वायव्येस कान्हेरी लेणी आहेत. शंभराहून अधिक लेण्यांच्या या समूहात जवळजवळ प्रत्येक विहाराजवळ पावसाचे पाणी साठवणारे खडकात खोदलेले टाके असून शिलालेखांत त्यास ‘पोढी’ म्हटले आहे. छतावरचे व उतारावरचे पाणी पन्हळींतून टाक्यांत आणण्याची ही रीत तलावांच्या निर्मितीपूर्वी कित्येक शतके प्रचारात होती. पावसाळ्याचे चार महिने मिळणारे पाणी उरलेल्या आठ महिन्यांसाठी डोंगरातच अडवणे हे दोन्ही व्यवस्थांचे समान सूत्र आहे.

प्रवेश व संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात प्रवेशासाठी परवानगी लागते. तुळशी तलावाचा परिसर व माथ्याकडील वाटा येथे वनविभागाच्या परवानगीने आणि मार्गदर्शकासह आयोजित केलेल्या निसर्गभ्रमंतीतूनच जाता येते. शिलोंडा व कान्हेरी परिसरातील निसर्गवाटा त्यामानाने सुलभ आहेत.

या निर्बंधांमागे तीन कारणे आहेत. पहिले, तलावातील पाणी दूषित होऊ नये. दुसरे, वर्दळीने उतारावरील गवत व रोपे नष्ट झाल्यास सुटलेली माती पावसाबरोबर तलावात जाऊन गाळ साचतो व साठवण क्षमता घटते. तिसरे, बिबट्यांचा वावर पहाटे व संध्याकाळी अधिक असल्याने एकट्याने फिरणे धोक्याचे ठरते. कोरड्या ऋतूत वणव्याचा धोका असल्याने वनक्षेत्रात आग पेटवणे व धूम्रपान करणे यांवर बंदी आहे. विनापरवाना चढाई करणाऱ्यांवर कायद्यानुसार कारवाई होऊ शकते.