गर्दीतलं इंजिन, घाटातली बॅटरी

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिट ऊर्जा असते. चांगलं आधुनिक इंजिन मनासारखा वेग आणि भार मिळाला तर त्यातली ३५ ते ४० टक्के कामाला लावतं. पुण्यात संध्याकाळच्या कर्वे रस्त्यावर हे प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. गाडी रांगत असते तेव्हा थ्रॉटल जेमतेम उघडलेलं असतं आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनाची शक्ती जाते. मिळवलेला वेग पुन्हा ब्रेकच्या उष्णतेत विरतो.

हायब्रिडची खरी करामत इथे आहे. बॅटरीचं कौतुक फार होतं, पण बॅटरीमुळे इंजिनाला नावडतं काम टाळता येतं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं. रांगणं मोटरकडे, सलग ओढणं इंजिनाकडे. हे इंजिनही वेगळं असतं. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून जळलेल्या वायूला दाबापेक्षा जास्त प्रसरण पावू द्यायचं, ही ॲटकिन्सन पद्धत. जास्त प्रसरणाची मूळ कल्पना जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याची, १८८०च्या दशकातली. अशा इंजिनाला कमी वेगात जोर नसतो, म्हणून एकट्याने ते गाडीत फारसं चाललं नाही. मोटरची साथ मिळाली आणि १९९७ साली जपानमध्ये प्रियस ही हायब्रिड गाडी आली. २०१५च्या प्रियसचं इंजिन ४० टक्क्यांपर्यंत पोचलं.

आपल्याकडच्या ग्रँड विटाराचे जाहीर आकडे बघा: मॅन्युअल पेट्रोल लिटरला २१.११ किलोमीटर, स्ट्राँग हायब्रिड २७.९७. चाचणीतले हे आकडे रस्त्यावर खाली येतात, पण शहरात दोघींमधलं अंतर उलट वाढतं. एक्स्प्रेस-वेवर एकसारख्या वेगात ते कमी होतं, कारण तिथे साधं इंजिनही सुखात असतं.

बोरघाट उतरताना मात्र हायब्रिडची मर्यादा कळते. तिची बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान. लांब उतारावर ती लवकर भरते आणि उरलेली ऊर्जा वाया जाते. पुण्याहून निघालेल्या इलेक्ट्रिक गाडीच्या ३०-४० युनिटच्या बॅटरीत तोवर जागा झालेली असते, ती जवळपास सगळा उतार पोटात घेते.

इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. लिटरला पंधरा देणारी पेट्रोल गाडी तेवढ्याच ऊर्जेत दोनही जात नाही. पण आपली बहुतांश वीज कोळशाची, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे किलोमीटरला सुमारे ११० ग्रॅम. लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो, रस्त्यावर वीस देणाऱ्या हायब्रिडचे ११५ ग्रॅम, चौदा देणाऱ्या साध्या गाडीचे १६४. वीजवहनातली गळती, रिफायनरीचा धूर आणि बॅटरी बनवण्याचा खर्च यात धरलेला नाही. तरी इलेक्ट्रिक आणि हायब्रिड आज किती जवळ आहेत, ते दिसतंच. शहराच्या हवेचा हिशेब वेगळा. तिथे धुराडं नसलेली गाडी निर्विवाद सरस.

सोसायटीत चार्जिंगची सोय नसेल तर मी आज हायब्रिडच सुचवेन. पण आज घेतलेली गाडी बारा-पंधरा वर्षं चालते. हायब्रिडचे २.३ किलो तेवढेच राहणार, विजेचे ०.७ नव्या सौरप्रकल्पागणिक घटणार. त्यातही रात्री चार्ज केलं तर कोळसा जास्त, दुपारी सूर्य जास्त. म्हणून घरच्या प्लगइतकीच ऑफिसच्या पार्किंगमधली चार्जिंगची सोय मागून घ्यायला हवी, आणि ती मागणारे अजून फार थोडे आहेत.