बोलणं रक्तातलं की घरातलं?

दोन वर्षांचं एक मूल ‘पाणी’, ‘भूभू’, ‘नको’ एवढ्यावर भागवतं. त्याच वयाचं दुसरं सबंध वाक्यं बोलतं. हा फरक कुठून येतो?

इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९४ ते १९९६ या काळात जन्मलेल्या हजारो जुळ्यांचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्लोमिन यांनी सुरू केला. मूल जे शब्द बोलतं, त्यांवर पालकांनी यादीत खुणा केल्या. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळपास तंतोतंत जुळतात, द्विबीज जुळ्यांचं जनुकीय साम्य सख्ख्या भावंडांइतकंच. तरीही शब्दसंग्रहात द्विबीज जुळीही एकमेकांच्या बरीच जवळ निघाली. म्हणजे दोन वर्षांच्या वयात मुलामुलांमधल्या फरकांत जनुकांचा वाटा साधारण पाव, सामाईक घराचा त्याहून बराच मोठा.

किशोरवयात मात्र जनुकांचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. मोठी मुलं पुस्तकं, मित्र, छंद स्वतःच्या कलाने निवडतात, हे त्याचं एक संभाव्य कारण.

हे आकडे समूहातल्या फरकांचे आहेत. त्यावरून एकट्या मुलाचं भविष्य सांगता येत नाही. पण पहिल्या काही वर्षांत घराचं पारडं जड असतं. म्हणून बाळाच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर द्या, त्याच्याशी भरपूर बोला आणि त्यालाही बोलायला सवड द्या.