रस्त्याची आंखणी आणि बसचा प्रवासी

रस्ता रुंद केला म्हणजे वाहनांची कोंडी सुटते, ही समजूत आमच्या पुण्यांत इतकी दृढ झाली आहे कीं, तिच्याविरुद्ध बोलणारा मनुष्य विक्षिप्तच ठरावयाचा. तथापि रस्त्यावरून मोटारी किती जातात आणि माणसें किती जातात, हे दोन निरनिराळे प्रश्न होत. त्यांपैकीं कोणता प्रश्न मनांत धरून रस्ता आंखला, यावर बसची गति अवलंबून असते.

थोडें गणित करूं. चौकांतील सिग्नल निम्मा वेळ हिरवा असेल, तर मोटारींच्या एका रांगेंतून तासाभरांत सुमारें ९०० मोटारी पुढें जातात. दर दोन मोटारींत तीन माणसें धरिलीं, तर हीं १३५० माणसें झालीं. तेवढ्याच रुंदीच्या पट्ट्यांतून मिनिटास एक याप्रमाणें साठ प्रवाशांची बस गेली, तर ३६०० माणसें जातात. परंतु दोन बसगाड्यांच्या मधल्या वेळांत तो पट्टा मोकळा दिसतो, आणि शेजारीं खोळंबलेला मोटारवाला तो पाहून चडफडतो. डोळ्यांस जो रिकामा दिसतो तोच अधिक माणसें वाहतो, हें त्याला पटविणें कठीण. आणि खरें सांगावयाचें तर, आम्ही स्वतः मोटारींत बसलों असतां आम्हांसही तें पटत नाहीं!

मात्र नुसता पट्टा वेगळा काढून भागत नाहीं. दिल्लींत २००८ सालीं आंबेडकरनगर ते मूलचंद असा ५.८ किलोमीटरचा बसमार्ग सुरू झाला. त्याचे थांबे चौकाच्या अगदीं अलीकडे होते. पुढची बस प्रवासी घेत असतां सिग्नल हिरवा होई, ती निघेपर्यंत पुन्हा लाल. मागें बसगाड्यांची रांग लागे. मोटारवाल्यांचा रोष तर प्रथमपासूनच होता. अखेर २०१६ सालीं तो मार्ग उखडण्यांत आला. अहमदाबादेंत २००९ सालीं ‘जनमार्ग’ सुरू झाला, तेव्हां तेथें थांब्याचा फलाट बसच्या तळाइतका उंच बांधला व तिकीट फलाटावरच देण्याची सोय केली. प्रवासी पायऱ्या न चढतां सरळ आंत जातो. प्रत्येक प्रवाशामागें वांचलेले दोन-तीन सेकंद मार्गाच्या अखेरीस कित्येक मिनिटें होतात.

कडेच्या थांब्यासाठीं पदपथांत खांच ठेवितात, तिचीही गंमत पाहण्यासारखी आहे. बस खांचेंत शिरली कीं मोटारी सुखानें पुढें जातात, पण तिला परत बाहेर कोणी येऊं देत नाहीं. म्हणून अनुभवी ड्रायव्हर खांचेंत शिरतच नाहीं. प्रवाशांनाच रस्त्यांत यावें लागतें.

पुण्यानें २००६ सालीं कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर भारतांत प्रथमच बसला स्वतंत्र पट्टा दिला. थांबा रस्त्याच्या मध्यावर असला म्हणजे बसला कडेच्या गाड्यांचा अडथळा होत नाहीं. पण प्रवाशाला मोटारींचा प्रवाह ओलांडूनच तेथें जावें लागतें. अशा एका रस्त्यावर, शाळेच्या घंटेआधीं, धाकट्या भावाचा हात धरून, दुसरा हात उंचावून मोटारींस थोपविणारी आमच्या पांचवींतील एक मुलगी आम्हीं पाहिली आहे. मोटारींसाठीं साडेतीन मीटरांचे आणखी दोन पट्टे वाढविले, तर तिला सात मीटर, म्हणजे तिच्या पावलांनीं सात-आठ सेकंद, अधिक चालावें लागेल.