घाटातले जादा दिवे

तोरणमाळच्या आणि धडगावच्या घाटात पावसाळ्यात दाट धुकं उतरतं. तिथे गाडीला जादा दिवे लावायचे, तर हे लक्षात ठेवावं.

• फॉग लाइट : रुंद, चपटा झोत, बसवायचा बंपरवर, हेडलाइटच्या खाली. स्पॉट लाइट : अरुंद, लांबचा झोत, धुक्यात उलटा चालकाच्याच डोळ्यांवर येतो.

• हिशेब : ५५ वॉटचे दोन दिवे, १२ व्होल्ट, प्रवाह सुमारे ९ अँपिअर. फ्यूज १५ अँपिअरचा, बॅटरीच्या अगदी जवळ.

• रिले : पिन ३० बॅटरीकडून, ८७ दिव्यांकडे, ८५ व ८६ कॉइलला. स्विचमधून केवळ कॉइलचा किरकोळ प्रवाह जातो, म्हणून स्विच तापत नाही. रिले कधीही गाळू नये.

• अर्थिंग : रंग खरवडलेल्या कोऱ्या पत्र्यावर.

• कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, नियम १११. नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय वाहनाच्या पुढे स्पॉट लाइट किंवा सर्चलाइट लावण्यास मनाई.