मैदान, फावडं आणि नगरची पोरं

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी माणसांचा दवाखाना सुरू केला. रोगी येत, औषध घेत, बरे होत आणि पुन्हा तेच दुखणं घेऊन परतत. दुखणं पाण्यात होतं, सांडपाण्यात होतं, कुपोषणात होतं. त्यावर बोलायचं तर गाव एका जागी बसायला हवं, आणि गाव तर वस्त्यावस्त्यांत वाटलेलं. सभा बोलवावी तर मोजकी वजनदार मंडळी पुढे येऊन बसत आणि बाकीचे लांब उभे राहत. अशा वेळी आरोळे दांपत्याने आरोग्याचं व्याख्यान बाजूला ठेवलं आणि व्हॉलीबॉलची जाळी बांधली.

संध्याकाळी तरुण खेळायला जमू लागले. एका बाजूला सहा जण लागतात. ते सहा एकाच आळीतले मिळतीलच असं नाही. चेंडू उचलून द्यायचा तर शेजारी कोण उभा आहे हे विचारायला सवड नसते. खेळून दमलेली मंडळी तिथेच बसायची आणि बोलणं पिकावर, पाण्यावर, आजारपणावर यायचं. त्या बैठकीतून गावोगावची शेतकरी मंडळं उभी राहिली. दुष्काळात पिण्याच्या पाण्यासाठी हातपंप घ्यायची वेळ आली, तेव्हा प्रकल्पाने अनेक ठिकाणी ते मुद्दाम दलित वस्तीत घेतले आणि सगळं गाव तिथे पाण्याला आलं. गावातल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करणारा हा प्रकल्प पुढे जगभरच्या डॉक्टरांनी येऊन पाहिला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या मुळाशी जी कामं होती, त्यांत एक व्हॉलीबॉलचं मैदान होतं, ही गोष्ट जिल्ह्यातल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

कारण आपल्या शाळांच्या वेळापत्रकात खेळ आणि समाजसेवा हे दोन वेगवेगळे आणि दोन्ही दुय्यम तास आहेत. सहामाही जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. समाजसेवा म्हणजे २ ऑक्टोबरला झाडू हातात घेऊन काढलेला फोटो. दहावीच्या वर्षी तर दोन्ही बंदच. पालकही म्हणतात, ‘एक वर्ष दम धर, मग आयुष्यभर खेळ.’ ते आयुष्यभर पुढे येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.

खेळाची शिडी कशी असते ते आधी सांगतो, कारण बऱ्याच पालकांना ती नीट माहीत नसते. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा पायऱ्या. आपला जिल्हा महसुलाला नाशिक विभागात असला, तरी खेळाला आणि शिक्षण मंडळाला पुणे विभागात मोडतो. त्यामुळे अकोल्याच्या डोंगरातलं किंवा जामखेडच्या माळावरचं पोरगं पुण्या-सोलापूरच्या संघांशी भिडतं. चौदा तालुक्यांचा, राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा जिल्हा हा. वाडिया पार्कवर जिल्ह्याची स्पर्धा असली की दूरच्या शाळेची मुलं पहाटेची एसटी धरून, डब्यात भाकरी-चटणी बांधून येतात आणि पहिल्याच फेरीत हरून रात्री घरी पोचतात.

नगरच्या खेळाचं नाव निघालं की लोक श्रीरामपूरच्या झहीर खानचं आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीच्या अजिंक्य रहाणेचं नाव घेतात. अभिमान रास्तच आहे. पण दोघांच्याही खेळाला खरा आकार मुंबईकडे मिळाला, आणि असं नशीब लाखात एखाद्याचं. मला काळजी आहे ती वाडिया पार्कहून हरून परतणाऱ्या त्या एसटीभर पोरांची. त्यांच्यातलं कोणी भारताकडून खेळणार नाही. मग त्यांचा खेळ वाया गेला का? जामखेडचा अनुभव सांगतो की नाही.

आता सेवेची बाजू. शाळेत स्काउट-गाइड असते. दररोज एक सत्कृत्य आणि वर्षातून एकदा ‘खरी कमाई’. म्हणजे मुलांनी स्वतः काही करून, विकून, राबून चार पैसे मिळवायचे. अकरावीपासून राष्ट्रीय सेवा योजना येते. ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा. नगर जिल्ह्यात तर त्याच्याही आधीची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळा इथे गावोगाव आहेत आणि ‘कमवा आणि शिका’ हा शब्दप्रयोग इथल्या कित्येक घरांत आजोबांपासून चालत आला आहे. श्रमाची लाज वाटू नये, हे त्या शिक्षणाचं सूत्र.

मी सेवा योजनेत होतो तेव्हाचं आमचं शिबिर पारनेरकडच्या एका गावी होतं. डोंगरउतारावर समतल चर खणायचे होते. कृषी सहायकाने आम्हाला ए-फ्रेम दाखवली. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधलेल्या, मध्ये एक आडवी काठी आणि शेंड्यावरून सोडलेला ओळंबा. ओळंब्याची दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर स्थिरावली की दोन्ही पाय एकाच पातळीवर आहेत असं समजायचं, तिथे फक्कीची खूण करायची, एक पाय रोवून दुसरा फिरवायचा आणि पुढची जागा शोधायची. अशी खूण खूण जोडत ओळ डोंगराला वळसा घालत जाते. मग तिच्यावर दोन फूट रुंद, एक फूट खोल चर खणायचा आणि माती खालच्या अंगाला टाकायची. दिसायला सोपं काम. पण पातळी बोटभर जरी चुकली, तरी पहिल्या पावसात सगळं पाणी खालच्या टोकाला जमतं, तिथे चर फुटतो आणि वर अडवायचं पाणी खाली घळ पाडून जातं.

आमच्यातली हुशार मुलं टिकाव मारायला पुढे धावली. ओळंबा स्थिर व्हायची वाट पाहायला मात्र कोणी तयार नव्हतं. ते काम केलं कबड्डीच्या संघातल्या एका मुलाने. तो डाव्या कोपऱ्यावर खेळायचा. कोपरारक्षकाचं कामच थांबण्याचं. चढाई करणारा हूल देतो, हात लांबवतो, पाय टाकतो. कोपऱ्याने जागा सोडायची नाही, शेजाऱ्याचा धरलेला हात सोडायचा नाही आणि घोटा हाताशी येईपर्यंत वाट पाहायची. घाई केली की गुण गेला. तो तसाच ए-फ्रेमपाशी उभा राहिला. मैदान आखायची सवय असल्यामुळे फक्कीही त्याच्याच हातून सरळ पडायची. आमच्या वर्गात त्याचा नंबर शेवटून मोजावा लागे. त्या उतारावर सगळे त्याला विचारून कुदळ टाकत होते आणि तो ‘थांब, अजून हलतंय का बघू दे’ म्हणत पुढे सरकत होता.

शाळेच्या परीक्षेत या गुणाला रकाना नाही.

नगर तालुक्यातलं हिवरे बाजार आता सगळ्यांना माहीत आहे. तिथली पंचसूत्री, बोअरवेलबंदी, पद्मश्री हे सगळं अनेकदा छापून आलं आहे. पण त्या गावाचे सरपंच झालेले पोपटराव पवार मुळात क्रिकेटपटू होते हे फार थोड्यांना आठवतं. गावातला हा एकमेव पदव्युत्तर तरुण. घरच्यांची इच्छा होती की त्याने क्रिकेटमध्ये नाव काढावं किंवा चांगली नोकरी धरावी. गावातल्या तरुणांनी त्याला गळ घातली आणि १९८९ मध्ये तो सरपंच झाला. दारूच्या भट्ट्या, भांडणं, दुष्काळ आणि रिकामी होत चाललेली घरं अशी त्या गावाची तेव्हाची ओळख. श्रमदानाने तिथे चर आणि बंधारे झाले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली. शिकलेला, खेळलेला, गावातल्या सगळ्यांत ऊठबस असलेला तरुण मिळाला म्हणून हे जमलं, असं माझं ठाम मत आहे. संघ बांधणं हे मैदानावर शिकलेलं काम असतं.

आणि त्या गावाने पुढची पायरीही घेतली. तिथल्या मुलांना पाण्याचा ताळेबंद शिकवला जातो. हिशेब पाचवीच्या मुलाला जमेल असा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हिवरे बाजारचं क्षेत्र हजार हेक्टरच्या जरा आत. म्हणजे एक मिलिमीटर पावसाला गावावर जवळपास एक कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं किती वाहून गेलं, किती मुरलं, माणसांना-जनावरांना किती लागेल आणि उरल्यावर कोणतं पीक परवडेल, हे गाव मिळून ठरवतं. गणिताचा तास समाजसेवेने खाल्ला अशी तक्रार इथे कोण करील?

राळेगणसिद्धीची शाळा वेगळ्या कारणासाठी सांगायला हवी. अण्णा हजारे १९७५ मध्ये लष्करातून गावी परतले. पुढे गावाने श्रमदानातून उभ्या केलेल्या तिथल्या शाळेने दुसरीकडे नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला. वसतिगृहातल्या मुलांचा दिवस पहाटेच्या व्यायामाने सुरू व्हायचा आणि झाडं लावणं, जगवणं हे शिक्षणातच धरलं जायचं. अण्णांच्या नंतरच्या राजकीय भूमिकांविषयी कोणाचं काहीही मत असो, ज्यांना बाकीच्या शाळांनी दारातून परत पाठवलं त्यांना आधी धावायला आणि खणायला लावून उभं करता येतं, हे त्या शाळेने दाखवलं. नगर शहरात १९८९ मध्ये गिरीश कुलकर्णी यांनी तरुणपणीच मित्रांना घेऊन ‘स्नेहालय’ सुरू केलं, देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांसाठी. त्याही कामाची सुरुवात महाविद्यालयीन वयातल्या अस्वस्थतेतून झाली.

एवढी पुण्याई असलेल्या जिल्ह्यात आज एका गोष्टीकडे मात्र आपण डोळेझाक करतो आहोत. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता निघतो, आणि कोयत्यामागे मुलंही निघतात. शाळेच्या क्रीडा महोत्सवांचे, सहलींचे, शिबिरांचे दिवस नेमके तेच. मी सांगितला तो कोपरारक्षक अशाच घरचा. आठवीपर्यंत दर साली त्याची शाळा दिवाळीनंतर तुटायची. आजी गावात राहिली आणि त्याला मागे ठेवून घेतलं, म्हणून तो कॉलेजपर्यंत पोचला. तो म्हणायचा, ‘मास्तर दसऱ्यापर्यंत मला संघात घ्यायचे. पुढं माझ्या जागेवर कोण खेळलं, मला कधी कळलंच नाही.’

आजी नसेल त्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. गावातच मुलाच्या जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय करायची, म्हणजे शाळा सुटत नाही. ती कागदावर आहे तशी वेळेत, दिवाळी संपायच्या आत सुरू झाली तरच उपयोगाची. डिसेंबरात मंजुरी आली तर तोवर मूल फडात पोचलेलं असतं. मैदान आणि सेवा यांचा लाभ ज्यांना सर्वांत जास्त व्हावा, तीच मुलं त्या वेळी गावात नसतात. हे दुरुस्त केल्याशिवाय क्रीडाधोरणाच्या गप्पा मला पोकळ वाटतात.

दुसरा धोका प्रमाणपत्रांचा. क्रीडागुणांची सवलत आली, नव्या शैक्षणिक धोरणात खेळ आणि सेवा योजना यांना श्रेयांकही आले. धोरण चांगलं आहे. खेळ अभ्यासाबाहेरचा नाही, हे त्याने स्वच्छ सांगितलं. पण गुण आले की गुण मिळवायच्या पळवाटाही येतात. न खेळता मिळालेलं सहभागाचं प्रमाणपत्र, गावात पाय न टाकता भरलेली तासांची वही. असे कागद गोळा करणाऱ्या मुलाला आपण फसवायला शिकवतो आणि खरोखर राबलेल्या मुलाला ‘तू मूर्ख आहेस’ असं सांगतो. शिक्षकांनी इथे कठोर राहावं. शिबिरात आला नाही त्याच्या वहीवर सही करू नये, मग तो कोणाचाही मुलगा असो.

शेवटी एक विनंती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला खेळाचं मैदान असावं असं लिहिलेलं आहे. तुमच्या गावच्या शाळेला ते आहे का, असेल तर त्यावर अतिक्रमण किती, लग्नाचे मांडव किती आणि मुलं किती, हे एकदा स्वतः जाऊन पाहा. दिवाळीनंतर कोणाची मुलं गावाबाहेर जाणार आहेत याची यादी शाळेकडून मागा. आणि येत्या ग्रामसभेत हे दोन विषय लेखी देऊन मांडा.