कृमिरोगावरील लस : प्रयत्न, अडथळे आणि आपले कर्तव्य

कृमिरोगाची चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्यास एक अनुभव ठरलेला आहे. औषधाने कृमी पडतात, रुग्णाची भूक सुधारते. परंतु काही महिन्यांनी तोच रुग्ण तीच लक्षणे घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. आपल्या देशात 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो व त्या निमित्ताने बालकांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. तिची उपयुक्तता आम्हांस मान्य आहे. तथापि ती त्या वेळी पोटात असलेल्या कृमींवर कार्य करते; पुढच्या आठवड्यात होणाऱ्या संसर्गास ती अटकाव करीत नाही. या पुनःसंसर्गामुळेच कृमींवर लस शोधण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यांचे खरे स्वरूप वैद्यबंधूंना व औषधविक्रेत्यांना ज्ञात असावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

अडचण कोठे आहे?

देवी किंवा गोवर एकदा होऊन गेला की शरीर त्याला कायमचे ओळखते, आणि लस याच ओळखीचा लाभ घेते. कृमींच्या बाबतीत ही नैसर्गिक ओळख पुरेशी होत नाही. लहानपणी अंकुशकृमी झालेल्या शेतमजुरास पन्नाशीतही तेच कृमी आढळतात. कृमी हा बहुपेशीय जीव आहे. त्याची अळी अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरते, रक्तावाटे फुफ्फुसात पोहोचते, तेथून घशात येऊन गिळली जाते आणि लहान आतड्यात प्रौढ होते. प्रत्येक अवस्थेत त्याचे बाह्य रूप बदलते. शिवाय दीर्घकाळ टिकून राहण्यासाठी तो यजमानाची प्रतिकारशक्ती मंदावणारी द्रव्ये स्रवतो.

पशुवैद्यकातील यश

तरीही हे कार्य अशक्य नाही, हे पशुवैद्यकाने दाखविले आहे. गुरांच्या फुफ्फुसकृमींवर ग्लासगो येथील संशोधकांनी क्ष-किरणांनी दुर्बल केलेल्या अळ्यांची लस तयार केली व ती 1959 मध्ये बाजारात आली. त्याच तत्त्वावर कुत्र्यांच्या अंकुशकृमीची लस 1973 मध्ये अमेरिकेत विक्रीस आली. मात्र दोनच वर्षांत ती मागे घेण्यात आली. जिवंत अळ्या फार काळ टिकत नसत आणि लशीने संसर्ग पूर्णपणे टळतही नसे. साठवण व मुदत यांचे महत्त्व औषधविक्रेत्यांस वेगळे सांगावयास नको.

2014 मध्ये ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या रक्तपिपासू जठरकृमीवर ‘बार्बरव्हॅक्स’ ही लस आली. कृमीच्या आतड्यातील प्रथिने हा तिचा आधार आहे. मेंढीच्या रक्तातील प्रतिपिंडे कृमी रक्ताबरोबरच पितो आणि त्याचे स्वतःचेच पचन बिघडते. परंतु ही प्रथिने नैसर्गिक संसर्गात मेंढीच्या शरीरासमोर येत नसल्याने प्रतिकार आपोआप ताजा राहत नाही. लस पुनःपुन्हा टोचावी लागते. आपल्या देशातही हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने डुकरांतील फीतकृमीच्या पुटींवर ‘सिसव्हॅक्स’ ही लस तयार केली आहे. या फीतकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेल्यास मेंदूत पुटी होऊन अपस्मारासारखे झटके येतात. डुकरास लस दिल्याने हे चक्र मध्येच तुटते.

माणसासाठीचे प्रयत्न

माणसाच्या अंकुशकृमीवरील लशीचा उपक्रम अमेरिकेतील सेबिन लस संस्थेने डॉ. पीटर होटेझ यांच्या पुढाकाराने 2000 मध्ये हाती घेतला. प्रथम अळीने स्रवलेल्या एका प्रथिनाची निवड झाली. अमेरिकेतील ज्या स्वयंसेवकांना हा कृमी कधी झाला नव्हता, त्यांना ती लस मानवली. पुढे ब्राझीलमधील मिनास जेराइस प्रांतात, जेथे हा कृमी घरोघरी आहे, चाचणी घेतली असता काहींच्या सर्वांगावर लगेच गांधी उठल्या. पूर्वीच्या संसर्गामुळे त्यांच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडे आधीच होती. चाचणी थांबविण्यात आली.

हा धडा मोलाचा ठरला. ज्यांना लशीची सर्वाधिक गरज, त्यांनाच तिचा धोका अधिक, असा हा पेच होता. म्हणून पुढे प्रौढ कृमीच्या आतड्यातील दोन विकरे निवडण्यात आली. एक हिमोग्लोबिनचे विघटन करते आणि दुसरे त्यातून निघणाऱ्या विषारी घटकास निर्विष करते. त्यांवरील लशींच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत. तथापि कोणत्याही कृमीवर माणसासाठी मान्यताप्राप्त लस अद्याप उपलब्ध नाही.

आपण काय घ्यावे?

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या सातव्या अध्यायात कृमिचिकित्सेचे तीन भाग सांगितले आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानपरिवर्जन. लस यांपैकी कशातही चपखल बसत नाही, कारण ती कृमीवर नव्हे, तर रुग्णाच्या बलावर काम करू पाहते. व्याधिक्षमत्वाशी तिचे नाते जरूर आहे. परंतु तेवढ्यावरून लस आपल्या ग्रंथांत आधीच होती, असे म्हणणे शास्त्रास शोभत नाही. आपला खरा वारसा निदानपरिवर्जनाचा आहे आणि व्यवहारात तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो. वावडिंग, पळसबी वा कृमिकुठार रस देऊन रुग्णास निरोप दिला, की चिकित्सा पूर्ण झाली असे आपण समजतो.

लस येईपर्यंत पुढील गोष्टी आपल्या हाती आहेत. पांडुतेची लक्षणे असलेल्या शेतमजुराची मलपरीक्षा व हिमोग्लोबिनची तपासणी करावी. अंकुशकृमीच्या एका जातीचा एकच कृमी दिवसाला सुमारे 0.2 मिलिलिटरपर्यंत रक्त वाया घालवू शकतो. तेव्हा केवळ लोहकल्प देऊन भागत नाही. शेतात व शौचास जाताना पादत्राणे, शौचालयाचा वापर आणि भाज्या स्वच्छ धुणे हे औषधाइतक्याच ठामपणे सांगावे. गर्भिणीस तीक्ष्ण कृमिघ्न अथवा विरेचन देऊ नये. तिची पांडुता तीव्र असल्यास विलंब न लावता रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनी कोणतेही कृमिघ्न औषध ‘जंतांची लस’ म्हणून विकू नये. एका मात्रेने कायमची सुटका होईल अशा समजुतीत राहिलेला रुग्ण अनवाणीच शेतात उतरतो, आणि त्याचे रक्त पुन्हा कमी होऊ लागते.